इंदूर सोडण्याआधी टॉकीजचा निरोप कसा घ्यायचा

शहर सोडणाऱ्याची कामांची यादी ठरलेली असते. गॅसचं कनेक्शन, मुलांचे शाळेचे दाखले, सामानवाल्याशी घासाघीस, पुण्याच्या नातेवाइकांसाठी चार किलो शेव. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर इथून मराठी घरं पुण्याकडे, बंगळुरूकडे निघतात तेव्हा शेवटच्या आठवड्यात खजराण्याच्या गणपतीचं दर्शन होतं, राजवाड्यासमोर फोटो होतात, सराफ्यातल्या खाऊगल्लीत एक रात्र होते. टॉकीज मात्र राहून जाते. सुट्टीला परत आल्यावर राजवाडा आणि सराफा जागेवर असतील. एकपडदा टॉकीज असेल याची खात्री आज कुणीच देऊ शकत नाही.

रीगल, मधुमिलन, सपना-संगीता ही नावं रिक्षावाल्याला सांगताना आपण पत्ता सांगत असतो, पण ती मुळात टॉकीजची नावं आहेत. सिनेमाच्या धंद्याने देश ज्या सर्किटांत, म्हणजे वितरणाच्या विभागांत वाटला, त्यातल्या ‘सेंट्रल इंडिया’चं मोठं ठाणं इंदूर. अशा शहरातून जाताना टॉकीजचा नुसता दर्शनी फोटो पुरत नाही. टॉकीज म्हणजे एका मोठ्या उजेडाभोवती बांधलेली इमारत, आणि तो उजेड कुठून निघतो, कशातून जातो, कुठे बिघडतो हे एकदा नीट पाहून घेणं म्हणजेच तिचा निरोप. त्यासाठी तीन फेऱ्या तरी हव्यात, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी सुरुवात करा.

पहिली फेरी सिनेमासाठी नसून इमारतीसाठी. ती आठवड्याच्या मधल्या दिवशी, बाराच्या शोला करा. शुक्रवारी सिनेमा बदलतो, त्यामुळे बुधवार-गुरुवारी गर्दी नसते आणि मॅनेजरला बोलायला वेळ असतो. यात एक धोका आहे. तिकिटं पाच-सातच गेली तर बऱ्याच ठिकाणी शो रद्द होतो, कारण तेवढ्या पैशात एसीचं किंवा कूलरचं वीजबिलही निघत नाही. म्हणून चार जण मिळून जा, किंवा आदल्या दिवशी खिडकीवर विचारून ठेवा. तिकीट खिडकीवरच काढा. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, त्यावरच्या तिकिटावर १८. २०१७मध्ये हाच कर लागू झाला तेव्हा दर १८ आणि २८ टक्के होते. त्या मधल्या वर्षांत स्वस्त तिकिटावर जगणाऱ्या टॉकीजचं काय झालं असेल, ते या आकड्यांवरून समजतं.

आत शिरण्याआधी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून छताकडे पाहा. जुन्या टॉकीजच्या प्रोजेक्टर केबिनवर धुराड्यासारखे एक-दोन पत्र्याचे नळ दिसतात. ते कार्बन आर्कचा, म्हणजे कार्बनच्या कांड्यांमधल्या ठिणगीवर चालणाऱ्या जुन्या दिव्याचा, धूर बाहेर काढायचे. त्यांच्याच शेजारी उपग्रहाची तबकडी बसवलेली असते, ती डिजिटल सिनेमा उतरवून घेण्यासाठी. दोन्ही एका फोटोत येतील अशी जागा शोधा. त्या टॉकीजचा सगळा इतिहास त्या एका चौकटीत मावतो.

हॉलमध्ये दिवे सुरू असताना मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहा. तिथे चौकोनी भोकं दिसतील: काही प्रकाश बाहेर पडायला, काही ऑपरेटरला पडदा बघायला. जुन्या बांधकामात या भोकांच्या आत लोखंडी झडपा असायच्या. १९५०च्या आसपासपर्यंत फिल्म नायट्रेटची असायची. तिने पेट घेतला तर ती पाण्याखालीही जळत राहते. म्हणून केबिन जाड भिंतींची, दार लोखंडी आणि झडपा अशा की उष्णतेने त्यांना धरणारा जोड वितळला की त्या आपोआप खाली पडाव्यात. आग केबिनमध्येच कोंडायची आणि लोक बाहेर काढायचे, असा त्यामागचा हिशोब. लाल रंगाच्या वाळूच्या बादल्या कुठे टांगलेल्या दिसल्या तर त्याही त्याच काळातल्या शिस्तीच्या.

मग पडद्याजवळ जा. हाताच्या अंतरावरून पाहिलं तर पडदा सलग नसतो, त्याला सुमारे एक मिलिमीटरची हजारो भोकं असतात. आवाजाचे मुख्य भोंगे पडद्याच्या मागे असतात आणि आवाज या भोकांतून येतो. म्हणूनच बोलणाऱ्याच्या तोंडातून आवाज आल्यासारखं वाटतं. पडद्याला हात लावू नका. बोटांचा तेलकट डाग पुसता येत नाही, ओल्या फडक्याने तर मोठा चट्टा उमटतो आणि पांढऱ्या दृश्यात तो कायम दिसत राहतो. कडेचे काळे पडदे पुढे-मागे सरकतात का ते विचारा. रुंद चित्राला ते बाहेर सरकायचे, जुन्या चौकोनी चित्राला आत यायचे. आज बहुतेक ठिकाणी ते एका जागी अडकून बसले आहेत, कारण मोटर जळाली की दुरुस्तीला कुणी पैसे घालत नाही.

दुसरी फेरी केबिनची, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. परवानगी मॅनेजरकडून घ्या, पण वेळ ऑपरेटरला विचारून ठरवा. शो सुरू होण्याआधीची दहा मिनिटं आणि इंटरव्हलच्या आगेमागे त्याला त्रास देऊ नका. सिनेमा लागून पंधरा-वीस मिनिटं झाली की तो मोकळा असतो. वयाने मोठे असतील तर ‘चाचा’, नाहीतर ‘भैया’. आधी त्यांचं काम विचारा, मग मशीनबद्दल. इंदुरी माणूस बोलायला लागला की तासभर कुठे जातो कळत नाही, त्यामुळे प्रश्न ठरवून जा. जुनी मशिनं कुठल्या कंपनीची होती: फोटोफोन, वेस्ट्रेक्स, सिम्प्लेक्स, बॉवर? कार्बन कधी बंद झाला? शेवटची प्रिंट कुठली चालली? जुनी मशिनं विकली की अजून कोपऱ्यात आहेत?

कोपऱ्यात असतील तर झाकण उघडून दाखवायची विनंती करा. फिल्म गेटमधून, म्हणजे दिव्यासमोरच्या छोट्या खिडकीतून, सलग धावत नाही. ती सेकंदाला २४ वेळा थांबते आणि २४ वेळा खाली खेचली जाते. हे काम माल्टीज क्रॉस नावाचं चार खाचांचं छोटं चाक करतं. प्रत्येक चित्रामागे शटरचं पातं प्रकाश दोनदा कापतं, म्हणजे पडद्यावर सेकंदाला ४८ झपके पडतात. एवढे झाले की डोळ्याला लुकलुक जाणवत नाही. धक्क्याधक्क्याने चालणारी फिल्म फाटू नये म्हणून गेटच्या वर आणि खाली तिला सैल वळसा सोडतात. नवशिक्या ऑपरेटरची परीक्षा तिथेच व्हायची. वळसा ताठ राहिला की फिल्मच्या कडेची छिद्रं फाटायची, आणि खालचा वळसा लहान-मोठा झाला की ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. कारण आवाज वाचणारा भाग गेटच्या खाली असतो आणि फिल्मवर आवाज त्याच्या चित्राच्या २०-२१ चौकटी (एक चित्र म्हणजे एक चौकट) पुढे छापलेला असतो. एका-दोन चौकटींचा फरकही तयार डोळ्याला खटकतो.

आता आकडे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट. तीन तासांच्या सिनेमाला १६,२०० फूट फिल्म लागते आणि डब्यांसकट तिचं वजन चाळीस किलोच्या वर जातं. सेन्सॉर सर्टिफिकेटवर लांबी आणि रिळांची संख्या लिहिलेली असायची, ती याच हिशोबाची. दोन हजार फुटांचं एक मोठं रीळ बावीस मिनिटं चालतं. म्हणून केबिनमध्ये दोन मशिनं जोडीने उभी असायची. एकावरचं रीळ संपताना दुसरं सुरू करायचं. त्याची खूण पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात यायची, एक छोटा गोल ठिपका, चार चौकटींचा, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागापुरता. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, साधारण सात सेकंदांनी दुसऱ्या ठिपक्याला प्रकाश आणि आवाज बदलायचा. ऑपरेटरचा डोळा चुकला की पडदा पांढरा फटफटीत व्हायचा आणि खालून शिट्ट्या सुरू व्हायच्या. एकाच प्रिंटवर दोन टॉकीज चालवल्या जात तेव्हा तर संपलेलं रीळ सायकलवर बांधून दुसरीकडे पोचवायचं. वाटेत उशीर झाला की तिथला इंटरव्हल लांबायचा.

कार्बनचं काम आणखी नाजूक. दोन कांड्यांच्या टोकांमध्ये ठिणगी धरून ठेवायची आणि कांड्या झिजतील तशा त्या पुढे सरकवायच्या. अंतर वाढलं की उजेड फडफडतो, रंग बदलतो, शेवटी विझतो. काळ्या काचेतून बघत तासन्‌तास ते अंतर राखणारा माणूस खाली बसलेल्या हजार लोकांना माहीतही नसायचा. पुढे झेनॉन दिवे आले. त्यांच्यात सारखं लक्ष देण्याची गरज नाही, पण आत वायूचा दाब प्रचंड असतो, म्हणून दिव्याच्या पेटीच्या जवळ जाऊ नका आणि ती उघडायला सांगू नका. बदलताना ऑपरेटर चेहऱ्यावर ढाल आणि हातात जाड मोजे घालतो, ते उगाच नाही.

डिजिटलमध्ये हे सगळं एका पेटीत गेलं. सिनेमा सर्व्हरमध्ये कुलूपबंद येतो आणि त्याची किल्ली वेगळी येते, ठरलेल्या टॉकीजसाठी, ठरलेल्या मशीनसाठी, ठरलेल्या तारखांपुरती. किल्ली वेळेवर आली नाही की सर्व्हरमध्ये सिनेमा असूनही पहिला शो होत नाही. फिल्म तुटली तर ऑपरेटर चिकटवू शकायचा. किल्लीपुढे त्याचं काही चालत नाही, फोन लावत बसावं लागतं.

तिसरी फेरी खऱ्या शोची. शनिवार किंवा रविवार, सहाचा किंवा नऊचा खेळ, सिनेमा कुठला का असेना. रिकाम्या हॉलचा आवाज आणि भरलेल्या हॉलचा आवाज वेगळा असतो. माणसांचे कपडे आणि शरीरं घुमणारा आवाज शोषून घेतात, त्यामुळे गर्दीत संवाद अधिक साफ ऐकू येतात. जागा निवडताना बालकनीची पहिली रांग घ्या: डोळा पडद्याच्या मध्याच्या जवळपास येतो आणि प्रकाशाचा झोत डोक्यावरून जाताना दिसतो. इंटरव्हलनंतर, तिकीट खालचं काढून, स्टॉलमध्ये पडद्यापासून हॉलच्या दोन तृतीयांश अंतरावर बसा. आवाजाची मांडणी साधारण त्या जागेसाठी केलेली असते. बालकनीच्या छपराखाली मात्र बसू नका, तिथे वरचे सूर दबतात आणि सगळं घोंगडीत गुंडाळल्यासारखं ऐकू येतं. शेवटच्या रांगेत आवाज उशिरा पोचतो, तेही एकदा अनुभवा. तीस मीटर लांबीच्या हॉलमध्ये आवाजाला मागे यायला सेकंदाचा जवळजवळ अकरावा भाग लागतो, म्हणजे दोन चौकटी. मागे बसून ओठ किंचित आधी हललेले दिसले तर ती ऑपरेटरची चूक नाही.

चित्रातले दोष ओळखता आले तर टॉकीजची तब्येत कळते. चित्र खाली रुंद आणि वर अरुंद दिसत असेल, तर केबिन फार उंच आहे आणि झोत तिरका पडतो. जुने ऑपरेटर गेटमधली पत्र्याची चौकट कानशीने घासून कडा सरळ करून घ्यायचे. चित्र मळकट पिवळं दिसत असेल तर दिवा आयुष्यापेक्षा जास्त चालवलाय, किंवा केबिनच्या काचेवर धूळ आहे. काच पुसायला दोन मिनिटं लागतात, दिव्याला हजारो रुपये. म्हणून आधी काचेची चौकशी करा. मधोमध उजळ आणि कडेला अंधार असेल तर बहुधा चमकदार पडदा आहे, बाजूच्या खुर्च्यांवरून तो आणखी काळपट दिसेल.

फोटोंबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सिनेमा चालू असताना पडद्याकडे कॅमेरा धरू नका, आठवण म्हणूनसुद्धा नाही. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३च्या दुरुस्तीनुसार टॉकीजमध्ये चोरून चित्रीकरण केल्यास तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. शिवाय त्याचा जाच टॉकीजवाल्यालाच होतो. हॉलचे फोटो शोआधी दिवे असताना काढा. मोबाइल खुर्चीच्या हातावर टेकवा, टायमर लावा, फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशमध्ये पहिल्या दोन रांगा पांढऱ्या होतात आणि बाकी हॉल काळा. बाहेरचा फोटो सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांत, तेव्हा आकाशात निळा उजेड असतो आणि पाटीचे दिवेही लागलेले असतात. जिन्याचा कठडा, जमिनीवरच्या फरशीची नक्षी, खिडकीवरचा दरांचा फळा आणि रांगेसाठी लावलेले लोखंडी गज यांचे जवळून फोटो घ्या. इमारत पाडताना सगळ्यात आधी भंगारात जातं ते हेच.

आवाजही जपा, सिनेमाचा नव्हे, हॉलचा. शोआधी कुणी नसताना मॅनेजरला सांगून एक फुगा फोडा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. फट्‌ आवाज विरायला किती वेळ घेतो, तो त्या हॉलचा ठसा. मग दोन मिनिटं नुसती शांतता टिपा: पंखे, कूलरच्या पाइपातली हवा, खुर्ची आपटून मिटल्याचा आवाज. फाइल दाबून लहान न करता मूळ स्वरूपात ठेवा.

तिकिटाची काळजी लगेच घ्यायची. आजचं छापील तिकीट बहुधा थर्मल कागदाचं असतं. ऊन, उष्णता आणि मऊ प्लास्टिकची पिशवी या तिघांनी त्याची छपाई उडते. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, गरम रोलरखालून निघताना अख्खं तिकीट काळं होतं. त्याच रात्री ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मूळ तिकीट साध्या कागदी पाकिटात ठेवा, मागे पेन्सिलने तारीख, खेळ आणि खुर्चीचा नंबर लिहा. जुन्या पातळ रंगीत कागदाची अर्धी फाडलेली तिकिटं घरात सापडली तर त्यांना सेलोटेप लावू नका, टेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागद खातो.

माळ्यावर आणखी दोन गोष्टी सापडू शकतात. एक, फिल्मचे तुकडे. कडेवर ‘सेफ्टी’ अशी इंग्रजी छपाई दिसते का पाहा. दिसत नसेल आणि तुकडा फार जुना असेल तर तो घरात ठेवू नका, सामानाच्या ट्रकमध्ये तर मुळीच नको. व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म सडायला लागली आहे. ती हवाबंद डब्यात कोंडली की आणखी लवकर सडते, आणि शेजारच्या चांगल्या तुकड्यांनाही लागते. रंगीत तुकडे गुलाबी पडले असतील तर ती घरची चूक नाही. ऐंशीच्या दशकाआधीच्या बहुतेक रंगीत प्रिंटांतला निळसर रंग आपोआप विटतो आणि लाल-जांभळा तेवढा उरतो. दुसरी गोष्ट म्हणजे टॉकीजबाहेर मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या. पुण्याला जाणार असाल तर त्या बरोबर न्या. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून तिथेच आहे आणि ते अशा चोपड्या, पोस्टरं, छायाचित्रं सांभाळतं. रद्दीत घालण्याआधी तिथे विचारा.

निघताना ऑपरेटरला पैसे देऊ नका, कसंसंच होतं दोघांनाही. तुम्ही काढलेला केबिनचा फोटो, ज्यात ते मशीनशेजारी उभे आहेत, आठ बाय बारा इंचात छापून द्या. डोअरकीपर आणि स्टँडवाल्याला दर्शनी बाजूचा. बऱ्याच माणसांनी तिथे अख्खी नोकरी काढलेली असते आणि जवळ एकही धड फोटो नसतो.

आणि शेवटच्या रात्री, नऊच्या खेळाला, नावं सरकायला लागली की उठू नका. पडदा काळा होईल, दिवे लागतील, बाजूची दारं उघडतील आणि लोक सराफ्याच्या दिशेने निघतील. मागे वळून भोकांकडे पाहा. दिवा विझला तरी त्याला थंड करणारा पंखा आणखी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवावा लागतो. हॉल रिकामा झाल्यावर त्याची घरघर खालपर्यंत ऐकू येते. ती थांबेपर्यंत बसायला डोअरकीपर नाही म्हणणार नाही, आधी सांगून ठेवलं असेल तर.